महाडची मुले आणि महाडचे कारखाने

दहावीचा निकाल लागला की महाड आणि पोलादपूर तालुक्यांतील घराघरांतून एकच प्रश्न निघतो: मुलाला मुंबईस कोणाकडे पाठवावयाचे? प्रश्न पिढीजात आहे. मुंबईच्या गिरण्या चालू होत्या तेव्हा तो विचारला जात होता आणि गिरण्या बंद पडल्यावरही तो सुटलेला नाही. डोंगरकपारीतील वाड्यांमधून मुंबई-सुरतेकडे गेलेली माणसे शिमग्याला व गणपतीला तेवढी परततात. ह्या स्थलांतराचे आता कोणास नवल वाटत नाही. नवल वाटावयास हवे ते असे की, ज्या महाडवरून ही मुले मुंबईची गाडी धरतात तेथेच औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत उभी आहे, तीत रसायने व औषधी द्रव्ये तयार होतात, आणि तिच्या कुंपणाच्या आत काय चालते हे शाळा सुटेपर्यंत ह्या मुलांना कोणी सांगत नाही.

त्यांना कारखाना ठाऊक असतो तो वासावरून आणि भोंग्यावरून. किंवा मग दुर्घटनेच्या बातमीवरून. ३ नोव्हेंबर २०२३ रोजी ह्याच वसाहतीतील एका औषधनिर्मितीच्या कारखान्यात स्फोट होऊन आग लागली व अनेक कामगारांचा बळी गेला. त्यानंतर एखादी आई मुलाला कारखान्याचे नाव काढू देत नसेल तर तिला मागासलेली म्हणण्याचा अधिकार शहरातील कोणा शहाण्यास नाही. तथापि तिच्या नकाराने मुलगा कारखान्यापासून दूर राहतोच असे नव्हे. मुंबईत जम बसला नाही की तो परत येतो आणि ठेकेदाराच्या हाताखाली त्याच फाटकातून आत जातो. पिंपात काय आहे, झडप कशासाठी आहे, कोणत्या वासाला पळावे, हे त्याला ठाऊक नसते. अज्ञानाने आत जाणारा कामगार हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत असुरक्षित. शालेय वयातील ओळखीचा आग्रह आम्ही धरतो तो मुख्यतः ह्यासाठी.

दहावीच्या पुस्तकात आम्ल आणि आम्लारीची अभिक्रिया असते. मुलगा ती पाठ करतो, गुण मिळवितो आणि विसरतो. वसाहतीच्या सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रात हेच उदासिनीकरण हौदाच्या मापाने चालते. ते एकदा डोळ्यांनी पाहिले तर विज्ञानाच्या शिक्षकाचे अर्धे काम होईल, आणि सावित्रीच्या पाण्याविषयी कारखानदारास प्रश्न विचारणारा नागरिकही घडेल. कारखान्यात घाम गाळणारे आणि हुकूम सोडणारे असे दोनच वर्ग असतात, ही पांढरपेशांची जुनी समजूत. वस्तुतः दाब व तपमान मोजणारी उपकरणे राखणारा असतो, प्रयोगशाळेत नमुने तपासणारी मुलगी असते, बाष्पकाची देखभाल करणारा असतो. ह्या शेवटच्याला कायद्याने प्रमाणपत्रच लागते. रासायनिक संयंत्र चालविण्याचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या यादीत आहे. त्याला विज्ञान-गणितासह दहावी पुरते. लोणेऱ्याचे तंत्रशास्त्र विद्यापीठही दूर नाही. परंतु शिडीची पहिली पायरीच दाखविली नाही तर वरच्या पायऱ्यांचे कौतुक कशाला?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस सुचविले आणि २०२५ पर्यंत निदान निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसायशिक्षणाची ओळख व्हावी असे म्हटले. ते वर्ष सरले. धोरणात सुतार, माळी, कुंभार ह्यांचे दाखले आहेत, ते योग्यच. पण महाडच्या मुलाचा शेजारी कुंभार नसून रासायनिक कारखाना आहे, हे दिल्लीस कसे कळावे? ते इथल्या मुख्याध्यापकांनीच ओळखले पाहिजे. महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग ह्यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला, आणि तेथे आकारास आलेला मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय आठवी ते दहावीच्या शाळांत शिरला. आठवड्यातून एक दिवस मुले प्रत्यक्ष काम करतात. सांधकाम, विजेची जोडणी, शेती. हाताने शिकलेले डोक्यात टिकते, हे तेथे खेड्यातील मुलांनीच सिद्ध केले.

एक धोका मात्र आधीच सांगून ठेवला पाहिजे. ओळखीच्या नावाखाली मुलांकडून पिंपे हलवून घेण्याची बुद्धी कोणास होऊ नये. धोकादायक उद्योगांतील व्यवसायांत शिकाऊ उमेदवारासही कायदा अठरा वर्षांची अट घालतो. शाळकरी मुलाने तर फक्त पाहावयाचे आणि विचारावयाचे. जो कारखानदार 'आमच्याकडे मुलांना आणणे सुरक्षित नाही' असे म्हणेल, त्याला तेथील कामगारांच्या सुरक्षिततेविषयी ताबडतोब विचारले गेले पाहिजे. किंबहुना पालक आणि शिक्षक फाटकातून आत येणार आहेत ह्या जाणिवेने पुष्कळ कारखान्यांची झाडलोट होईल.

राहता राहिला पोलादपूरचा प्रश्न. आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या शाळांना महाडपर्यंत येण्यासाठी एसटी ठरवावी लागेल आणि तिचे भाडे पालकांच्या खिशातून निघणार नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर नफ्यातील दोन टक्के सामाजिक कामासाठी खर्च करण्याचे बंधन घातले आहे आणि शिक्षण त्यात मोडते. वसाहतीतील ज्या कंपन्यांना हे बंधन लागू आहे त्यांनी ह्या गाड्यांचा खर्च उचलावा. पाऊस ओसरला आणि सहामाही परीक्षा आटोपली की पहिली गाडी निघण्यास हरकत नाही.