परवान्याविना पिस्तूल

१६ ऑक्टोबर १९९१ रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्यात, किलीन या गावी, एका माथेफिरूने ल्यूबीज नावाच्या उपाहारगृहाची काच फोडून आपली गाडी थेट आत घातली आणि जेवायला बसलेल्या लोकांवर गोळीबार सुरू केला. २३ माणसे प्राणास मुकली. त्यांत सुझॅना हप यांचे आई-वडील होते. स्वतः सुझॅनाबाईही त्याच मेजावर होत्या. त्यांच्याजवळ रिव्हॉल्व्हर होते. पण ते बाहेर मोटारीत! अंगावर झाकून पिस्तूल बाळगणे हा त्या वेळी टेक्सासमध्ये गुन्हा होता आणि कायदा मोडू नये म्हणून त्यांनी ते मोटारीत ठेवले होते. कायदा मानणारी स्त्री निःशस्त्र आणि कायदा पायदळी तुडवणारा सशस्त्र, ही विसंगती त्यांनी पुढे राज्याराज्यांच्या विधिमंडळांसमोर साक्षीत मांडली. १९९५ साली तत्कालीन गव्हर्नर जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी टेक्सासच्या परवाना कायद्यावर स्वाक्षरी केली. पुढच्याच वर्षी सुझॅनाबाई विधिमंडळावर निवडून आल्या.

अमेरिकेत हा विषय केंद्राचा नसून मुख्यतः राज्यांचा आहे. फ्लोरिडाने १९८७ मध्ये जो पायंडा पाडला, तो एकामागून एक बहुतेक राज्यांनी उचलला. अर्जदार सज्ञान असावा, त्याची पार्श्वभूमी स्वच्छ असावी, त्याने प्रशिक्षण घेतलेले असावे. एवढे पुरे झाले की अधिकाऱ्याने परवाना दिलाच पाहिजे. याउलट न्यूयॉर्कमध्ये १९११ च्या सलिव्हन कायद्यापासून परवाना देणे न देणे अधिकाऱ्याच्या मर्जीवर होते. सामान्य नागरिकाला जीवितास असलेला विशेष धोका सिद्ध करावा लागे.

ही मर्जी कोणावर बरसते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. लॉर्ड लिटनच्या १८७८ च्या शस्त्र कायद्याने गोऱ्याला मोकळीक दिली आणि हिंदुस्थानी माणसाला साहेबाच्या दारात उभे केले. अमेरिकेतही तेच घडले. जानेवारी १९५६ मध्ये मॉन्टगोमेरी येथे मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब टाकण्यात आला. त्यानंतर त्यांनी पिस्तुलाच्या परवान्यासाठी अर्ज केला. तो नाकारला गेला. ज्याच्या घरावर बॉम्ब पडतो, त्याला धोका नाही, तर मग धोका कोणाला? त्यामुळे २३ जून २०२२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने न्यूयॉर्कची ही अट रद्द केली, ते आमच्या मते योग्यच झाले. न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांच्या या निकालाने मर्जीचे राज्य संपले. निःपक्षपाती अटींवर परवाना देण्याची पद्धत मात्र निकालाने मोडीत काढलेली नाही, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

आणि येथेच खरा प्रश्न उभा राहतो. परवाना निःपक्षपाती करावा, इथवर ठीक. पण तो मुळातच नको, असे म्हणणाऱ्यांची तेथे सरशी झाली आहे. व्हर्माँटमध्ये असा परवाना कधी नव्हताच. अलास्काने २००३ मध्ये, अ‍ॅरिझोनाने २०१० मध्ये त्याची सक्ती काढली आणि २०२४ पर्यंत अशा राज्यांची संख्या २९ झाली. खुद्द टेक्सासने २०२१ मध्ये, अनेक पोलीस अधिकाऱ्यांचा विरोध डावलून, तोच मार्ग धरला. गुन्हेगारांवरील बंदी कागदोपत्री कायम आहे, हे खरे. परंतु खासगी व्यवहारात पिस्तूल घेणाऱ्याची चौकशी अनेक राज्यांत होत नाही आणि आता ते कमरेला लावतानाही होत नाही. मग त्याला अडवणार कोण आणि कोठे? १९९५ च्या कायद्यात वर्ग होता, लेखी परीक्षा होती, नेमबाजीची चाचणी होती. भरलेले पिस्तूल घेऊन बाजारात फिरणाऱ्याला निशाणा धरता येतो की नाही आणि गोळी केव्हा झाडू नये हे कळते की नाही, एवढे पाहणे म्हणजे स्वातंत्र्यावर घाला कसा? विजयादशमीला शस्त्राची पूजा करणाऱ्या समाजाला शस्त्राचे वावडे नाही. पण आपल्याकडे शस्त्राच्या आधी गुरू येतो. (दुसऱ्या टोकाला न्यूयॉर्कने निकालानंतर सोळा तासांचा वर्ग आणि दोन तासांचा प्रत्यक्ष सराव सक्तीचा केलाच, शिवाय टाइम्स स्क्वेअरसारख्या जागी शस्त्र नेण्यास मनाई केली. निकालाचा रागही त्यात दिसतो.)

आपली मुले-लेकी तेथे आहेत, म्हणून दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. एच-१बी व्हिसावर असलेल्याला, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर केंद्रीय कायद्याने बंदूक जवळ बाळगताच येत नाही; शेजारी कितीही आग्रहाने दुकानात नेवो. ग्रीन कार्डधारकाला ती घेता येते, पण राज्याची सीमा ओलांडली की सारे बदलते. पेनसिल्व्हेनियाचा परवाना खिशात आहे म्हणून निर्धास्तपणे नदी ओलांडून न्यू जर्सीत शिरणारा माणूस तेथे गंभीर गुन्ह्याचा आरोपी ठरू शकतो, कारण न्यू जर्सी अन्य कोणत्याही राज्याचा परवाना मानत नाही. एका राज्याचा परवाना सर्वत्र चालावा, असे विधेयक डिसेंबर २०१७ मध्ये प्रतिनिधिगृहाने संमत केले होते. सिनेटमध्ये ते अडून पडले.