डोकी आमची, बाक कुणाचे?

माझा आजा मांग. त्यानं बाप्तिस्मा घेतला तो स्वर्गासाठी नव्हे, पाटी-पेन्सिलीसाठी. आज्याचं गणित चुकलं नव्हतं. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेनं एका महार पोराला जात बघून दारातनं परत लावलं. त्याआधी चार वर्षं, १८५२ ला, अमेरिकन मिशनरी वाइल्डर कोल्हापुरात आला होता. फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्याच शाळेत शिकले. भटशाहीनं लावलेलं दार मिशननं उघडलं, हे मी नाकारलं तर खाल्ल्या अन्नाला बेइमान होईन.

पण म्हणून जन्मभर गप्प बसायचं?

भावाच्या पोरीला घेऊन मिशनच्या एका इंग्रजी शाळेत गेलो. नाव सांगत नाही. भांडण एका शाळेशी नाही. भाऊ हमाल. राजारामपुरीतल्या आमच्या वस्तीत अंगावर इस्त्रीचा शर्ट घालून निघाला होता. क्लार्कनं फॉर्मच्या आधी विचारलं, "आई-बाप ग्रॅज्युएट आहेत?" मग फीचा कागद पुढं सरकवला. भाऊ म्हणाला, "साहेब, आम्ही तुमच्याच चर्चमधली माणसं हाय." उत्तर आलं, "चर्च वेगळं, शाळा वेगळी." भिंतीवर येशू होता. मांडीवर पोरं. सगळी गोरी.

२००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो, खासगी विनाअनुदानित शाळेनंही २५ टक्के जागा वंचित-दुर्बलांना मोफत द्यायच्या. २०१४ ला सुप्रीम कोर्टानं 'प्रमती' खटल्यात अल्पसंख्याक शाळांना त्यातून सोडलं. १ सप्टेंबर २०२५ ला त्याच कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींनी त्या निकालावर शंका घेतली. कोर्टाचं कोर्ट बघेल. माझा सवाल चर्चला आहे.

अल्पसंख्याक म्हणता, ती संख्या कुणाची? गावोगावच्या चर्चमध्ये सतरंजीवर बसतं कोण? महारा-मांगांचीच लेकरं ना? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जात हिंदूंपुरती ठेवली. १९५६ ला शीख आत आले, १९९० ला बौद्ध आले. ख्रिस्ती अजून बाहेर. धर्म बदलला म्हणून सरकारनं सवलत काढली. जात मात्र कुणी काढली नाही. आणि आमची डोकी मोजून मिळालेला हक्क ढाल करून तुम्ही आमच्याच पोरीला गेटबाहेर ठेवता! याला सेवा म्हणायचं? हे पवित्र ढोंग आहे.

म्हणाल, "वस्तीत आम्ही बालवाडी चालवतो, शिवणक्लास चालवतो." बरोबर! बंगलेवाल्यांच्या पोरांना इंग्रजी, आमच्या पोरींना सुई-दोरा. मग मनूनं वेगळं काय सांगितलं होतं?

याच कोल्हापुरात १९१९ साली शाहू महाराजांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद केल्या. सगळी पोरं एका शाळेत बसवा म्हणून हुकूम काढला. संस्थानच्या राजाला जमलं ते येशूच्या सेवकांना जमू नये?

कोर्टानं तुम्हाला सक्तीतून सोडलंय. जागा देऊ नका असं कुठं म्हटलंय? येत्या जूनपासून शंभरात पंचवीस बाक आपण होऊन द्या. हजेरीपट चर्चच्या दारात लावा. कुणाची पोरं आत बसलीत, ते वस्तीला वाचू द्या. वाचायला तुम्हीच तर शिकवलंत.

आणि जमत नसेल तर आमची डोकी मोजणं बंद करा.