कोंबडी खत वाईट नाही, घाई वाईट



आज माझ्याच एका चुकीपासून सुरुवात करतो. हडपसरमधल्या आमच्या शाळेच्या गच्चीवर सहावीच्या मुलांनी कुंड्यांत मिरची, मेथी आणि टोमॅटो लावले होते. एका मुलाच्या मामाचं मांजरीच्या बाजूला पोल्ट्रीचं शेड आहे. तो मोठ्या हौसेने पोतंभर कोंबडी खत घेऊन आला. "सेंद्रियच आहे, घाला बिनधास्त," असं मीच म्हणालो. आठवडाभरात मिरचीच्या पानांच्या कडा करपल्या, मेथी तर पार गेली. मुलं त्या पोराला "कोंबडीवाला" म्हणून चिडवायला लागली. दोन दिवस तो डबा एकटाच खात होता.

चूक त्याची नव्हती. चूक माझ्या शिकवण्यातच होती. "रासायनिक वाईट, सेंद्रिय चांगलं" एवढंच आपण फळ्यावर लिहितो आणि पुढे जातो. पण नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, असं निसर्गात कुठेच लिहिलेलं नाही.

आकडे बघा. शेणखतात नत्र साधारण ०.५ टक्का असतं, तर कोंबडी खतात सुमारे ३ टक्के, म्हणजे सहापट. स्फुरद आणि पालाशही त्यात जास्त. कोंबडीच्या विष्ठेत युरिक आम्ल असतं, त्याचा भराभर अमोनिया होतो. नाकाला झोंबतो तो वास त्याचाच. शेतात जमीन मोठी असते, मुळं खोल जातात, जास्तीचे क्षार पावसाने खाली झिरपतात. कुंडीत मूळ जाणार कुठे? बारा इंचांची कुंडी हीच त्याची सगळी दुनिया. तिथे कच्चं खत घातलं की झाड भाजणारच.

दुसरी गोष्ट पालकांनी लक्षात घ्यावी. कच्च्या विष्ठेत साल्मोनेला, ई. कोलाय असे जंतू असू शकतात. अमेरिकेत सेंद्रिय शेतीचा नियमच आहे: खाण्याचा भाग मातीला लागत असेल, तर कच्चं खत घातल्यावर काढणीपर्यंत किमान १२० दिवस जायला हवेत. आपली मेथी तर महिन्याभरात ताटात येते! म्हणून माझं मत स्पष्ट आहे: शाळेत आणि घरच्या बाल्कनीत कच्चं कोंबडी खत नकोच.

मग ते घाण म्हणून फेकून द्यायचं का? अजिबात नाही. फुरसुंगी-उरुळी देवाचीच्या कचरा डेपोचा वास हडपसरकरांना कोणी समजावून सांगायला नको. ओलं सगळं एकत्र दाबून ठेवलं, हवा मिळाली नाही, की ते सडतं. त्यालाच कोरडं आणि हवा दिली की खत होतं. हा धडा पुस्तकापेक्षा पोत्यातून चांगला कळतो.

आम्ही काय केलं ते सांगतो. उरलेल्या खतात दुप्पट-तिप्पट वाळलेला पाला मिसळला. पिळलेल्या फडक्याएवढा ओलावा ठेवला, दर आठवड्याला खालीवर केलं, आणि चार महिने थांबलो. हातमोजे घालायचे आणि नंतर साबणाने हात धुवायचे, हे पहिल्या दिवसापासून. खत मातीसारखं काळं, भुसभुशीत झालं, झोंबणारा वास गेला. मग परीक्षा घेतली: एका कुंडीत नुसती माती, दुसरीत दहा भाग मातीला एक भाग खत, दोन्हींत मेथीचे दाणे. दोन्हीकडे सारखे कोंब आले, म्हणजे खत तयार. मात्र एवढ्या लहान ढिगात जंतू मरण्याइतकी उष्णता टिकतेच असं नाही. म्हणून ते आम्ही झेंडूला आणि शिजवून खायच्या वांग्यालाच घालतो. कोथिंबीर, टोमॅटोला गांडूळखत.

मेथीचे कोंब आले त्या दिवशी मी सगळ्या वर्गासमोर कबूल केलं, "मागच्या वेळी झाडं मी मारली होती." आणि नत्र म्हणजे काय, हे समजावून सांगायला त्याच मुलाला पुढे बोलावलं. मामाच्या शेडमध्ये भाताचं तूस का पसरतात, हे त्याने सांगितलं. ते मलाही नीट माहीत नव्हतं. ओल शोषली जाते आणि वास कमी होतो, म्हणून.

तुमच्या वर्गातही असं कोणीतरी असेल, ज्याच्या घरचा धंदा बाकीच्यांना घाण वाटतो. परसबागेचा तास त्याला द्या. फक्त पोतं उघडायची घाई करू नका.