तरंगंबाडी : वेशीआडचे गाव

नाताळची सुटी जवळ आली की मारतहळ्ळीतील मराठी घरांत कोकणाच्या गोष्टी सुरू होतात. पण तेवढ्या लांब जाणे प्रत्येक वर्षी जमतेच असे नाही. अशा वेळी बेंगळुरूहून रात्रीच्या गाडीने मयिलाडुतुरै गाठावे. तिथून सुमारे ३० किलोमीटरवर, बंगालच्या उपसागराकाठी तरंगंबाडी आहे.

तंजावरच्या रघुनाथ नायकाकडून परवानगी मिळवून डेन्मार्कच्या व्यापाऱ्यांनी १६२० साली इथे डान्सबोर्ग किल्ला उभारला. पुढे गावाभोवती तट आला. १७९२ सालच्या वेशीतून आत शिरले की रस्ता नीट समुद्राकडे जातो. दुतर्फा जुनी घरे, दोन चर्च आणि किल्ल्यात छोटे संग्रहालय.

मराठी माणसाला मात्र इथे आणखी एक धागा सापडतो. १७५० साली श्वार्ट्झ नावाचे जर्मन मिशनरी याच गावात आले. पुढे तंजावरच्या सरफोजीराजे भोसल्यांना बालपणी त्यांचाच आधार मिळाला. तरंगंबाडीत १७१२ साली छापखाना आला होता. सरफोजीराजांनीही तंजावरात छापखाना काढला आणि १८०६ साली तिथे इसापनीती मराठीत छापली गेली.

किनाऱ्यावरच्या मासिलामणिनाथ मंदिराचा बराचसा भाग लाटांनी नेला आहे. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनेही गावाला तडाखा दिला. तेव्हा तंजावरला जाणाऱ्यांनी थोडी वाट वाकडी करावी आणि मुलांना ही वेस दाखवावी. समुद्र कुणासाठी थांबत नाही!