विश्लेषण : राजधानीत राहता, म्हणून मत नाही! वॉशिंग्टनकरांचा लढा कुठे अडला?

अमेरिकेत मोटारींच्या नंबरप्लेटवर प्रत्येक राज्य स्वतःची ओळख मिरवते. कुणी डोंगर दाखवते, कुणी समुद्र, कुणी फळबागा. वॉशिंग्टन डीसीच्या नंबरप्लेटवर मात्र २००० पासून तक्रार छापलेली आहे : ‘प्रतिनिधित्वाविना करआकारणी’. ब्रिटिश राजवटीविरुद्ध अमेरिकी वसाहतींनी दिलेली हीच ती घोषणा. ती नंबरप्लेटवर आणण्याची कल्पना शहरातल्या एका सामान्य रहिवाशाची. बिल क्लिंटन यांनी कार्यकाळ संपता संपता ही पाटी अध्यक्षांच्या मोटारीला लावली, जॉर्ज बुश यांनी ती काढली आणि बराक ओबामा यांनी २०१३ मध्ये पुन्हा लावली. पाटी बदलत राहिली, परिस्थिती बदलली नाही. २०२० च्या जनगणनेनुसार या शहरात ६ लाख ८९ हजार लोक राहतात. ते केंद्राचे सगळे कर भरतात आणि सैन्यातही जातात. पण अमेरिकी काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांत त्यांच्या वतीने अंतिम मतदान करणारा एकही माणूस नाही.

या अन्यायाची कहाणी अनेकदा सांगितली जाते. त्यामागची खरी अडचण त्या मानाने कमी बोलली जाते. लोकशाहीत मागणी मान्य करून घेण्याचे हत्यार म्हणजे मत. इथे मागणीच मताची आहे. म्हणजे ज्यांच्या हाती निर्णय आहे, त्या खासदारांना वॉशिंग्टनकर निवडूनही देऊ शकत नाहीत आणि पाडूही शकत नाहीत.

मत गेले कसे?

१७८३ मध्ये थकलेल्या पगारासाठी संतापलेल्या सैनिकांनी फिलाडेल्फियात काँग्रेसला घेराव घातला. पेनसिल्व्हेनिया राज्याने संरक्षण दिले नाही आणि काँग्रेसला शहर सोडून प्रिन्स्टनला जावे लागले. राष्ट्रीय सरकारने कोणत्याही राज्याच्या मेहेरबानीवर राहू नये, हा धडा त्यातून घेतला गेला. राज्यघटनेत जास्तीत जास्त दहा मैल लांब-रुंद अशा स्वतंत्र केंद्रीय जिल्ह्याची तरतूद झाली आणि त्यावर काँग्रेसला संपूर्ण अधिकार मिळाला. या जिल्ह्यातल्या लोकांना स्थानिक कारभारासाठी स्वतःचे निवडलेले मंडळ अर्थातच मिळेल, असे जेम्स मॅडिसन यांनी तेव्हा लिहिले होते. प्रत्यक्षात १८०१ च्या कायद्याने जिल्हा काँग्रेसच्या ताब्यात गेला आणि मेरीलँड व व्हर्जिनियाचे मतदार म्हणून असलेला तिथल्या लोकांचा हक्कही गेला. पोटोमॅक नदीपलीकडच्या अलेक्झांड्रियाच्या भागाने पुढे हट्ट धरला आणि १८४६ च्या कायद्याने तो व्हर्जिनियाला परत मिळाला. अलीकडचा भाग तसाच राहिला.

हे सारे कुणी कटकारस्थान करून केले असे नाही. विसरले गेले, राहून गेले, असेच बरेचसे आहे. पण राहून गेलेली गोष्ट सव्वादोनशे वर्षे तशीच ठेवणे, याला मात्र निव्वळ विस्मरण म्हणता येत नाही.

आज नेमके किती मत आहे?

तुकड्यातुकड्याने मिळालेले. १९६१ च्या २३ व्या घटनादुरुस्तीने अध्यक्षीय निवडणुकीत तीन प्रातिनिधिक मते मिळाली आणि १९६४ मध्ये शहराने पहिल्यांदा अध्यक्षासाठी मतदान केले. १९७० च्या कायद्याने प्रतिनिधिगृहात एक सदस्य मिळाला. तो भाषण करू शकतो, विधेयक मांडू शकतो, समितीत मतही देऊ शकतो, पण विधेयकावरच्या अंतिम मतदानात त्याचे बोट मोजले जात नाही. एलिनॉर होम्स नॉर्टन १९९१ पासून या पदावर निवडून येत आल्या आहेत. सिनेटमध्ये तर तेवढेही नाही. वायोमिंग राज्याची लोकसंख्या ५ लाख ७७ हजार, म्हणजे वॉशिंग्टनपेक्षा लाखाहून अधिकाने कमी. त्याला दोन सिनेटर आणि एक पूर्ण मताचा प्रतिनिधी आहे.

१९७३ मध्ये ‘होम रूल’ कायदा आला. टिळकांच्या होमरूल लीगमुळे हा शब्द मराठी वाचकाच्या ओळखीचा. वॉशिंग्टनमध्ये तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अवतरला, एवढाच फरक. त्यातून महापौर आणि नगर परिषद निवडण्याचा हक्क मिळाला. मात्र परिषदेचा कोणताही कायदा रद्द करण्याचा अधिकार काँग्रेसने स्वतःकडे ठेवला.

त्याने रोजच्या जगण्यात काय फरक पडतो?

प्रतीकांपलीकडचा प्रश्न इथे सुरू होतो. एड्सची साथ शहराला पोखरत असताना अमली पदार्थांचे व्यसन असलेल्यांना स्वच्छ सुया देणारी केंद्रे चालवायची होती. १९९८ मध्ये काँग्रेसने त्यावर बंदी घातली. केंद्राचा निधी तर नाहीच, शहराने स्वतःच्या करातून जमवलेला पैसाही त्यासाठी वापरायचा नाही. ही बंदी २००७ च्या अखेरीस उठली. त्यानंतरच्या वर्षांत सुयांमधून होणारी एचआयव्हीची नवी लागण झपाट्याने घटली आणि त्यात या केंद्रांचा मोठा वाटा होता. मधल्या नऊ वर्षांत ज्यांना लागण झाली, त्यांना तो निर्णय घेणाऱ्यांविरुद्ध मत देण्याची सोय नव्हती. निर्णय घेणाऱ्यांनाही त्यांच्या मतदारसंघात याचा जाब कुणी विचारणार नव्हते.

अशी उदाहरणे थांबलेली नाहीत. २०१४ मध्ये नागरिकांनी मतदानाने गांजा बाळगण्यास परवानगी दिली; त्याच्या नियमित विक्रीची व्यवस्था उभारण्यास काँग्रेसने निधीच्या अटी घालून मज्जाव केला. ६ जानेवारी २०२१ रोजी कॅपिटॉलवर जमाव चालून गेला, तेव्हा नॅशनल गार्डला बोलावण्याचा अधिकार महापौरांकडे नव्हता, कारण राज्यांत गव्हर्नरकडे असणारे हे अधिकार इथे थेट अध्यक्षांकडे असतात. २०२३ मध्ये नगर परिषदेचा नवा फौजदारी कायदा काँग्रेसने रद्द केला आणि अध्यक्ष जो बायडेन यांनी त्यावर सही केली. राज्याच्या दर्जाला पाठिंबा देणारे तेच बायडेन! महापौर म्युरिएल बाउझर यांनाही तो कायदा पसंत नव्हता, हे खरे. पण परिषदेने केलेला कायदा चुकला तर तो बदलण्याचे काम तिच्या मतदारांचे की दूरच्या खासदारांचे, हा प्रश्न उरतोच. ऑगस्ट २०२५ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी होम रूल कायद्याच्याच एका कलमाचा आधार घेऊन शहराचे पोलीस दल ३० दिवसांसाठी केंद्राच्या ताब्यात घेतले आणि रस्त्यावर नॅशनल गार्ड उतरवले.

मत नसलेल्यांनी दबाव आणला कसा?

१९६६ मध्ये मॅरियन बॅरी या तरुण कार्यकर्त्याने, जे पुढे महापौर झाले, आधी बसभाडेवाढीविरुद्ध एक दिवसाचा बहिष्कार घडवून आणला आणि मग ‘फ्री डीसी’ मोहीम उभी केली. शहरातले बडे व्यापारी स्वयंशासनाच्या विरोधात होते. दुकानदारांनी मोहिमेचा फलक खिडकीत लावावा, नाहीतर गिऱ्हाइके पाठ फिरवतील, असा साधा हिशेब होता. मत नसले तरी खिशातला पैसा होताच.

सर्वात मोठा विजय मात्र वॉशिंग्टनच्या बाहेर मिळाला. साउथ कॅरोलायनाचे जॉन मॅकमिलन हे दोन दशकांहून अधिक काळ वॉशिंग्टनचा कारभार पाहणाऱ्या प्रतिनिधिगृहाच्या समितीचे अध्यक्ष होते. स्वयंशासनाचे विधेयक त्यांच्या समितीत जायचे आणि तिथेच पडून राहायचे. कृष्णवर्णीय महापौर वॉल्टर वॉशिंग्टन यांनी अर्थसंकल्प पाठवला, तेव्हा त्यांनी उत्तरादाखल ट्रकभर कलिंगडे धाडली. कृष्णवर्णीयांची टवाळी करण्याची ती जुनी दक्षिणी रीत. १९७० मध्ये शहरातील सुमारे ७० टक्के लोक कृष्णवर्णीय होते, हे लक्षात घेतले की या विरोधाचे मूळ कळते. तेव्हा शहराचे प्रतिनिधी वॉल्टर फॉन्ट्रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मॅकमिलन यांच्या मतदारसंघात जाऊन तिथल्या कृष्णवर्णीय मतदारांना संघटित केले. १९७२ मध्ये पक्षांतर्गत निवडणुकीतच मॅकमिलन हरले. पुढच्याच वर्षी होम रूल कायदा मंजूर झाला. आपले मत नाही, तर ज्यांचे आहे त्यांच्या दारात जा, ही युक्ती पुढच्या पन्नास वर्षांत तेवढ्या नेमकेपणाने पुन्हा वापरली गेली नाही, ही या चळवळीची मोठी उणीव.

१९७८ मध्ये काँग्रेसने वॉशिंग्टनला पूर्ण प्रतिनिधित्व देणारी घटनादुरुस्ती मंजूर केली. ३८ राज्यांची संमती हवी होती. सात वर्षांत मिळाली १६ राज्यांची. राजधानीबाहेरच्या अमेरिकनांना या प्रश्नाशी देणेघेणे नव्हते आणि ते निर्माण करण्याएवढे संघटन तेव्हा नव्हते.

२००९ मध्ये निम्मी भाकरी हाताशी आली होती. प्रतिनिधिगृहात वॉशिंग्टनला एक पूर्ण मत आणि तोल राखण्यासाठी रिपब्लिकन युटाला एक जास्तीची जागा, असे ते विधेयक. सिनेटमध्ये ते ६१ विरुद्ध ३७ मतांनी मंजूरही झाले, पण शहराचे बहुतेक बंदूक नियंत्रण कायदे रद्द करणारी उपसूचना त्याला जोडून. एक मत घ्या, बदल्यात बंदुका घ्या, असा सौदा. कार्यकर्त्यांत आणि नेत्यांत फूट पडली. अखेर २०१० मध्ये विधेयक बाजूला पडले. आज मागे पाहता नकार चुकला असे म्हणणे सोपे आहे. पण स्वतःचे कायदे गमावून मिळवलेल्या मताला स्वराज्य म्हणायचे का, हा त्यांचा सवाल बिनतोड होता.

राज्याचा दर्जा का मिळत नाही?

त्यानंतर चळवळीने सारे बळ ५१ व्या राज्याच्या मागणीवर लावले. २०१६ च्या सार्वमतात सुमारे ८६ टक्के लोकांनी कौल दिला. प्रतिनिधिगृहाने २०२० मध्ये २३२ विरुद्ध १८०, तर २०२१ मध्ये २१६ विरुद्ध २०८ मतांनी विधेयक मंजूर केले. सिनेटमध्ये ते पुढे सरकले नाही. डेमोक्रॅट जो मॅन्चिन यांनीच त्यासाठी घटनादुरुस्ती हवी, अशी भूमिका घेतली.

घटनात्मक आक्षेप अगदीच पोकळ नाहीत. कॅपिटॉल आणि व्हाइट हाऊसपुरता छोटा केंद्रीय जिल्हा ठेवून बाकीचे राज्य केले, तर २३ व्या दुरुस्तीतली तीन मते त्या जवळपास निर्मनुष्य तुकड्याकडे राहतात. ती दुरुस्ती रद्द करावी लागेल. शहर मेरीलँडला जोडा, असा पर्यायही सुचवला जातो, पण त्यात ना मेरीलँडला रस आहे, ना वॉशिंग्टनकरांना. या आक्षेपांना उत्तरे शोधता येतात. अडते ते दोन सिनेटरपाशी. शहर नव्वद टक्क्यांच्या आसपास मते डेमोक्रॅटिक पक्षाला देते, त्यामुळे रिपब्लिकनांसाठी हा हक्काचा नव्हे, सिनेटच्या बेरजेचा प्रश्न ठरतो. आणि डेमोक्रॅट्ससाठीही तो बहुधा तसाच आहे, हे त्यांच्या उत्साहाच्या चढउतारावरून दिसते. मतदार कुणाला मत देतील हे पाहून मताधिकार ठरवायचा, तर निवडणुकीची गरजच काय?

राजधानी म्हणजे मताधिकार नाही, असे जगात इतरत्र मानले जात नाही. ब्राझिलिया आणि कॅनबेरा दोन्ही सभागृहांत सदस्य पाठवतात. दिल्लीत पोलीस आणि जमीन केंद्राकडे आहे, त्यावरून वादही सतत होतात. पण दिल्लीकर लोकसभेत सात खासदार निवडून देतात.

पुढे काय?

२०२५ मध्ये ‘फ्री डीसी’ हे नाव पुन्हा रस्त्यावर आले आणि काही वस्त्यांत रात्री आठ वाजता लोकांनी भांडी वाजवून निषेध नोंदवला. त्याच वर्षी मार्चमध्ये काँग्रेसच्या खर्च विधेयकातल्या तरतुदीमुळे शहराला स्वतःच जमवलेल्या निधीतून सुमारे एक अब्ज डॉलरची कपात सोसण्याची वेळ आली. चूक दुरुस्त करणारे विधेयक सिनेटने आवाजी मतदानाने मंजूर केले. प्रतिनिधिगृहाने ते मतदानाला घेतलेच नाही. तिथे वॉशिंग्टनच्या प्रतिनिधीला ते घ्या, अशी विनंती तेवढी करता येत होती.