पावती मिळाली, हिशेब?

मार्च आला की ऑफिसात ८०-जीच्या पावत्यांची शोधाशोध. (नवी करप्रणाली घेतलेल्यांना ती सूटही नाही, पण ते असो.) पण पावती म्हणजे हिशेब नव्हे, बॉस! जवळपास प्रत्येक नोंदणीकृत ट्रस्टचा ऑडिट झालेला ताळेबंद दरवर्षी धर्मादाय आयुक्तांकडे जातो. मी तोच मागते.

१९९३ पासून पुण्यातल्या वस्त्यांत काम करणाऱ्या ‘शेल्टर असोसिएट्स’ची पद्धत मला म्हणूनच आवडते. घरच्या संडासाचं सामान संस्था दारात पोचवते, बांधून घेण्याचा खर्च कुटुंबाचा. पैसा कुठे गेला, ते शेजारची आजीही सांगेल.

ताळेबंदात पगाराचा आकडा दिसला की लगेच नाक मुरडू नका हं. वस्तीचा नकाशा काढणारा पोरगा काय हवा खाऊन जगणार?