सोयाबीन ठेवायचं का विकायचं? आधी हिशोब मांडा



आपल्या टेंभुर्णी-जाफराबाद भागात सोयाबीन निघालं की पारावर एकच विषय असतो, भाव वाढंल का? माझं मत ऐका. घरात लावलेली थप्पी ही शेअर बाजारातल्या पैशासारखीच गुंतवणूक आहे. फरक एवढाच, शेअरला उंदीर लागत नाहीत.

२०२१ आठवा. जुलै-ऑगस्टात सोयाबीन दहा हजारांवर गेलं. ऑगस्टातच केंद्राने १२ लाख टन सोयापेंड आयातीला मुभा दिली, पाठोपाठ नवा माल मोंढ्यात आला आणि भाव कोसळला. डिसेंबरात सेबीने सोयाबीनचे वायदेही बंद केले. पुढे भाव कुठं जाईल याचा अंदाज देणारा एक दिवाच विझवला, असं मला वाटतं.

कापसाचं तेच. २०२२ च्या उन्हाळ्यात दहा हजारांच्या पुढे गेला. त्या आशेवर पुढच्या हंगामात लोकांनी घरं भरून ठेवली आणि २०२३ च्या पेरणीला सात हजारांच्या आसपास विकायची वेळ आली. २०२५ मध्ये तर मे अखेरीस कच्च्या खाद्यतेलाचं मूळ आयात शुल्क २० वरून १० टक्के केलं, ऑगस्टात कापसाचं ११ टक्के शुल्क काढून टाकलं. म्हणून मागच्या वर्षीचा भाव बघून थांबू नका. आयात शुल्काची बातमी आधी बघा.

आता हिशोब. धरा, आज भाव ४,००० आहे. माल ठेवला आणि गरजेपोटी क्विंटलमागे ३,००० रुपये शेकडा दोनने उचलले. सहा महिन्यांचं व्याज झालं ३६०. माल वाळून दोन किलोची घट. भाव ४,४५० झाला तर कुठं तुम्ही आजच्या बरोबरीला येता. हमाली, बारदाना वेगळाच.

तेच पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत बाजार समितीच्या गोदामात माल ठेवला, तर किमतीच्या ७५ टक्के रक्कम वर्षाला ६ टक्के व्याजाने १८० दिवसांसाठी मिळते. तेच ३,००० रुपये, व्याज फक्त ९०. मग ४,१७५ लाच बरोबरी होते. आपल्या बाजार समितीत योजना चालू आहे का, हे काढणीआधीच विचारून ठेवा.

माझं म्हणणं, मालाचे तीन वाटे करा. एक लगेच विकून उधारी आणि मजुरी फेडा. दुसरा हमीभावाला, नोंदणी वेळेत करा, ओलावा १२ टक्क्यांच्या आत ठेवा. तिसराच वाटा थांबवा, तोही कर्ज न काढता किंवा तारणावर. भाव आपल्या हातात नाही. व्याज मात्र आहे.

तुमचा हिशोब वेगळा निघत असेल तर जरूर सांगा.